ओली बी

गोव्यातल्या पेडण्यात, मोपाच्या पठाराखाली, जांभ्या दगडाच्या उतारावर, एक ख्रिस्ती कुटुंब राहत होतं. घरात पाच माणसं. आजी, जिला मुलं शमाय म्हणत. तिचा मुलगा आणि सून. बारा वर्षांची नात आणि नऊ वर्षांचा नातू. घरामागे काजूची बाग होती. वर पठारावर विमानतळ झाला, ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं ये-जा करू लागली, गावातल्या कुणाच्या जमिनी गेल्या, कुणाला काम मिळालं. या घरात मात्र वर्षाचं गणित अजून काजूच्या मोसमावरच मांडलं जाई.

आणखी एक गोष्ट तिथं बदलली नव्हती. तिन्हीसांजेला आंजेलच्या प्रार्थनेची वेळ झाली की टीव्ही बंद होई, मोबाइल फडताळात जात आणि सगळे ओरातोरीसमोर जमत. ओरातोर म्हणजे घरातली छोटी वेदी. मध्ये खुरीस, बाजूला सायबिणीची, म्हणजे मरियेची, मूर्ती, पुढे मेणबत्ती आणि बागेतल्या अबोलीचा हार. मग तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू होई. तेर्साचे पाच भाग, प्रत्येक भागात दहा नमान मोरिये, आणि घरात माणसंही पाच, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला एक भाग येई. पहिला शमाय सांगे, शेवटचा धाकटा. तेर्स संपला की दोन्ही मुलं हात जोडून आधी शमायसमोर आणि मग आईबापांसमोर जात व बेसांव मागत. शमाय त्यांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण करी. आशीर्वाद घेतल्याशिवाय ताटं मांडायची नाहीत, असा तिचा नियम होता.

कुंपणापलीकडे एक हिंदू बाई एकटी राहत होती. मुलं तिला मावशी म्हणत. बार्देश-सासष्टीतल्या काही गावांत वाडेच्या वाडे ख्रिस्ती असतात. पेडण्यात तसं नाही. हा तालुका सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला तो १७८८ मध्ये, जुन्या काबिजादींच्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी घेतलेल्या तालुक्यांच्या, सुमारे अडीचशे वर्षांनंतर. त्यामुळे इथल्या ख्रिस्ती घराच्या शेजारी बहुधा तुळशीवृंदावनच असतं, आणि मुलं एकमेकांच्या चवथी-नाताळात वाढतात. मावशीचीही थोडी काजूची झाडं होती. तीही आपल्या बिया पेडण्याच्या बाजारात त्याच शेटला विकायची, ज्याला हे कुटुंब विकत असे.

त्या वर्षी धाकट्याचं पहिलं कम्युनियन होतं. दर रविवारी मिसेनंतर तो दोत्रीनच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गाला जाई. प्रार्थना त्याला तोंडपाठ होत्या, दहा आज्ञा तो न अडखळता म्हणून दाखवी. बापाला त्याचा अभिमान होता आणि म्हणूनच त्याच्या मनात आलं की हा दिवस थाटात झाला पाहिजे. मुलाला पांढरा सूट, नवे बूट, मोठा केक, नातेवाइकांना जेवण. त्याने आकडे मांडले. बागेतून येणारे पैसे पुरत नव्हते.

काजूची बी विकण्याआधी दोन-तीन दिवस चांगली वाळवावी लागते. झाडाखाली पडलेलं बोंडू उचलायचं, पिळा देऊन बी सोडवायची, बोंडू रसासाठी वेगळं ठेवायचं आणि बी अंगणात उन्हाला पसरायची. वाळली की ती हलकी होते आणि मूठभर बिया हातात घोळवल्या तर खुळखुळ वाजतात. पण शेट पैसे देतो वजनावर. एका संध्याकाळी, तेर्साच्या आधी, बापाने वाळलेल्या बियांच्या दोन गोण्या मागच्या पडवीत ओढल्या आणि मुलाला पाण्याचा तांब्या आणायला सांगितलं.

"पापा, वाळवलेल्या बिया परत कशाला भिजवायच्या?"

"वजन भरतं."

"शेटला ठाऊक असतं?"

"सगळेच करतात, बाबू. तू पाणी धर."

मुलाने तांब्या धरला. बापाने हाताने पाणी शिंपडलं, गोणीचं तोंड बांधलं, हात धुतले आणि दोघंही आत जाऊन ओरातोरीसमोर गुडघे टेकून बसले. दुसऱ्या दिवशी गोण्या विकल्या गेल्या. शेटने काही विचारलं नाही. पुढच्या खेपेलाही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही.

मग एक वेगळीच गोष्ट घडू लागली. धाकट्याचा तेर्साचा भाग लवकर संपू लागला. तो स्पष्ट म्हणायचा, मध्येच जांभई द्यायचा नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते शमायच्या, कारण तिचे डोळे अधू झाले होते आणि ती फक्त बोटांनी मोजत असे. एका संध्याकाळी शेवटचा भाग संपला तेव्हा तिच्या माळेत दोन मणी उरले.

तिने आधी स्वतःलाच दोष दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन उरले. तेव्हा तिने नातवाला जवळ बोलावलं.

"बाबू, तू आठच नमान मोरिये म्हणतोस?"

"हो, शमाय."

"का रे?"

"ऐकताना दहाच वाटतात," मुलगा म्हणाला. त्याच्या बोलण्यात आगाऊपणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. "पापाच्या गोणीसारखं. गोणी भरलेली असली की झालं. शेट पण मोजून बघत नाही."

बापाने ऐकलं आणि त्याचा हात उगारला गेला.

"हात खाली घे," शमाय म्हणाली. "त्याने नवीन काही केलेलं नाही. तू शेटशी जो हिशोब केलास तोच त्याने देवाशी केला."

त्या रात्री बेसांव मागायला मुलगा हात जोडून समोर उभा राहिला, तेव्हा बापाला त्याच्याकडे नीट बघता येईना.

इथे गोष्ट थोडी थांबवतो, कारण या बापाविषयी मला दोन शब्द बोलायचे आहेत. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा तेर्सही खोटा नव्हता, असं मला ठामपणे वाटतं. मेणबत्तीसमोर तो मनापासून बसत असे. वेदी आणि पडवी यांच्यामध्ये त्याने मनात एक भिंत मात्र घातली होती आणि ती मुलालाही दिसत असेल असं तो धरून चालला होता. नऊ वर्षांच्या मुलाला अशा भिंती दिसत नाहीत. त्याला एकच बाप दिसतो, जो आता गुडघे टेकतो आणि मघाशी पाणी शिंपडत होता. दोन्ही कामं त्याच्या लेखी सारखीच पवित्र असतात, कारण दोन्ही बापाची असतात.

आपल्याकडे आईबाप मुलाला दोत्रीनला वेळेवर पोहोचवतात आणि समजतात की श्रद्धेची सोय झाली. दोत्रीन असते आठवड्यातून एकदा, तासभर. शिकवणारी शिक्षिका किंवा सिस्टर कितीही तळमळीची असली तरी उरलेला आठवडा घराचा असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये चर्चविषयीच्या आपल्या दस्तऐवजात कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं आणि मुलांना श्रद्धेची पहिली ओळख आईबापांनीच आपल्या शब्दाने आणि वागण्याने करून द्यावी असं सांगितलं. यात वागणं हा शब्द आहे, तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. त्याच्याही कितीतरी आधी मोशेच्या पाचव्या ग्रंथाने आईबापांना बजावलं होतं की देवाच्या आज्ञा मुलांना घरातही सांगा आणि रस्त्याने जातानाही. रस्त्याचा उल्लेख तिथे उगाच आलेला नाही. बाजाराला जायची वाट रस्त्यानेच असते.

आणि गोव्याला हे परकंही नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि त्यांनी येशूची कथा मराठी ओवीत लिहिली. १६१६ मध्ये रायतूरला छापलेलं ते ख्रिस्तपुराण. नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या जुन्या पुराणांच्या जागी आपल्याच भाषेत काही वाचायला-ऐकायला हवं होतं, ती गरज त्यांनी ओळखली. म्हणजे धर्म मुलाबाळांपर्यंत न्यायचा तर तो मायबोलीतून, गोष्टीतून, हे इथे चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं. शमायला ख्रिस्तपुराण ठाऊक नव्हतं. पण गोष्ट सांगणं तिला ठाऊक होतं, आणि त्या रात्री तिने तेच केलं.

जेवणं झाल्यावर तिने दोन्ही नातवंडांना आणि आपल्या मुलालाही समोर बसवलं आणि जक्कयाची गोष्ट सांगितली. यरीहो गावातला तो जकातदारांचा मुखिया, लोकांना नाडून श्रीमंत झालेला, बुटका, येशूला बघायला उंबरावर चढलेला. येशूने गर्दीत कुणाकडे न जाता त्याच्याच घरी मुक्काम करायचं ठरवलं. जक्कय उभा राहिला आणि म्हणाला की आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करीन. धाकट्याला ही गोष्ट दोत्रीनमध्ये सांगितली होती. उंबराचं चित्रही त्याने काढलं होतं.

"मग त्याने खरंच परत केलं का, शमाय?" नातीने विचारलं.

शमाय काही बोलली नाही. तिने आपल्या मुलाकडे पाहिलं.

रात्री बाप पडवीत बसून हिशोब करत राहिला. किती गोण्या, किती पाणी, किती पैसे. बायको बाहेर आली. तिला सगळं आधीपासून माहीत होतं आणि ती गप्प राहिली होती. तिच्याही मनाला ते लागलं होतं. ती म्हणाली, "सूट नको. माझ्या पेटीत पांढरं कापड आहे, त्याचा शर्ट शिवते. जेवण घरच्यापुरतं करू."

सकाळी बाप पैसे घेऊन एकटाच निघाला. शमायने दारातच अडवलं.

"बाबूला घेऊन जा."

"त्याच्यासमोर कशाला, माय? मला लाज वाटते."

"भिजवताना तो तांब्या धरून उभा होता. परत देताना का नको?"

घरात मुलं वाढवणाऱ्या माणसाने या प्रश्नापाशी थोडं थांबावं. आपण चूक करतो मुलांसमोर आणि ती निस्तरतो त्यांच्या पाठीमागे, एकट्याने, अब्रू राखून. मग मुलाच्या हाती चूक तेवढी येते. पश्चात्ताप कसा करतात, चुकलो म्हणून माणूस दुसऱ्याच्या दारात कसा जातो, हे त्याने कधी पाहिलेलंच नसतं. आणि ख्रिस्ती धर्मातून तेवढंच काढून टाकलं तर मागे फारसं काय उरतं?

दोघं पेडण्याला गेले. शेटचं दुकान उघडलं होतं. बापाने झालं ते सांगितलं आणि पैसे गल्ल्यावर ठेवले. शेट म्हातारा माणूस. त्याने पैसे मोजले नाहीत.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "गोणी ओतताना सुकी बी वाजते. तुझी वाजत नव्हती. अशी बी गोदामात गरम होते, बुरशी धरते, आत गर काळा पडतो. चाळीस वर्षं हा धंदा करतोय, मला फसवणं सोपं नाही."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"बोलून काय करू? अर्धा गाव तेच करतो. मी भावच उतरवला. तुमच्या बाजूची बी ओलीच धरतो आणि त्या भावाने घेतो. माझं नुकसान नाही झालं. हे पैसे उचल."

बाप बुचकळ्यात पडला. पैसे परत करायला तो आला होता आणि त्याचं देणं इथे नव्हतंच. पण मुलाला काहीतरी आठवलं. "पापा," तो म्हणाला, "मावशीची बी तर वाजते. मी हातात घेऊन बघितली आहे."

शेटने मान डोलावली. "ती बाई प्रामाणिक आहे. पण एकेकाची गोणी वेगळी तपासत बसायला मला वेळ नसतो. तिलाही तोच भाव लावतो."

खोटेपणाचं नुकसान कुणाला भरावं लागतं, ते त्या दुकानात उघडं पडलं. आपण शेटला फसवलं असं फसवणाऱ्याला वाटत होतं. शेटने स्वतःला वाचवलं. आणि तीन-तीन दिवस उन्हात बी परतवणारी, पाण्याचा थेंब न शिंपडणारी विधवा शेजारीण वर्षानुवर्षं इतरांच्या पाण्याचे पैसे भरत राहिली. तिला ते माहीतही नव्हतं. शेटचंही यात चुकलंच. आपल्या सोयीसाठी त्याने खऱ्याखोट्याला एका मापाने मोजलं. पण बापाला त्याच्याशी भांडायचा हक्क राहिला नव्हता.

परतीच्या वाटेवर बाप बराच वेळ बोलला नाही. घर जवळ आलं तसा तो स्वतःच्या फाटकापाशी न थांबता मावशीच्या अंगणात शिरला. ती बिया पसरत होती. मुलासमोर त्याने पुन्हा सगळं सांगितलं, जक्कयाच्या गोष्टीसकट, दुसऱ्यांदा, आणि दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं नाही. पैसे त्याने तिच्यासमोर धरले.

मावशी रागावली. रागवायलाच हवं होतं. "इतकी वर्षं मला वाटायचं, माझीच बी हलक्या जातीची," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने त्यातले या मोसमातल्या आपल्या नुकसानीएवढे पैसे मोजून घेतले, बाकीचे परत दिले आणि म्हणाली, "चौपट-बिपट मला नको. माझं अंगण लहान आहे, तुझं मोठं. उद्यापासून माझी बी तुझ्या अंगणात वाळू दे. गोण्या एकत्र नेऊ. आणि शेटसमोर ओतून दाखवू."

तसंच केलं. पहिल्या खेपेला शेटने ओतून घेतल्या, ऐकल्या आणि भाव जुनाच दिला. दुसऱ्या खेपेलाही जुनाच. बाप चिडला नाही. तिसऱ्या खेपेनंतर कधीतरी शेटने त्या गोण्यांना सुक्या बीचा भाव लावला. तोवर मोसम संपत आला होता आणि त्या वाढीव भावातून मोठं काही हाती लागलं नाही.

मुलाचं पहिलं कुमसार आलं. पहिल्या कम्युनियनच्या आधी मुलं पहिल्यांदा पापनिवेदन करतात. चर्चमध्ये मुलांची रांग लागली होती, त्यांचे आईबाप मागच्या बाकांवर बसून वाट बघत होते. या मुलाच्या मागे त्याचा बाप रांगेत उभा राहिला. मुलाने मागे वळून पाहिलं.

"पापा, तुम्ही पण?"

"मी पण," बाप म्हणाला.

आत मुलगा काय बोलला आणि बाप काय बोलला हे त्यांना आणि पाद्रीला ठाऊक. ते आपण विचारायचं नाही.

कम्युनियनच्या दिवशी मुलाने आईने शिवलेला शर्ट घातला. इतर मुलांचे सूट होते, आणि त्याला थोडं वाईट वाटलं हे खरं आहे. लहान मुलाला वाटणारच. दुपारी घरी सोरपोतेल, सान्ना आणि घरचा केक होता. मावशी आपल्याकडून खतखतं घेऊन आली, कारण त्या दिवशी तिला मांस-मासळी चालत नव्हती. सगळे एका पंगतीला बसले. संध्याकाळी तेर्स झाला. मुलाने आपला भाग सांगितला आणि शमायने बोटांनी मणी मोजले. दहा झाले. मग मुलगा बेसांव मागायला आला, तेव्हा बापाने त्याच्या डोळ्यांत बघून आशीर्वाद दिला.

आता तुम्हाला, जे घरी मुलांना ख्रिस्ती श्रद्धेत वाढवत आहात, एक विनंती. तेर्स सोडू नका, बेसांवची रीत सोडू नका, दोत्रीनला मूल पाठवत राहा. या गोष्टी गेल्या तर परत येणं कठीण. पण बी विकायला, भाडं ठरवायला, कामगाराची मजुरी द्यायला जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या. आणि जिथे त्याला न्यायची तुम्हाला लाज वाटेल, तो व्यवहार आजच बंद करा.